सोन्याचे वजन आणि हाताची किंमत

निकाहच्या बोलणीत सोन्याविषयी दोनच प्रश्न विचारले जातात. किती तोळे? आणि आजचा भाव काय? हा दागिना कुणी घडवला, हा तिसरा प्रश्न कुणी विचारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. मुलीच्या गळ्यात हार घालताना आत्या, खाला, मावशी सगळ्या तो हातावर तोलून पाहतात. त्याची नक्षी कोणी डोळ्यांजवळ नेऊन पाहत नाही.

2025 च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅम चोख सोन्याचा भाव एक लाख रुपयांना टेकला आणि पुढे तिथेही थांबला नाही. आमचा संग्रामपूर तालुका सातपुड्याच्या पायथ्याचा, कपाशी आणि सोयाबीनवर जगणारा. इथल्या मध्यम शेतकऱ्याला किंवा हातगाडीवाल्याला मुलीच्या अंगावर पाच तोळे घालणे आता शक्य राहिलेले नाही. तरीही बोलणी तोळ्यांवरच अडतात. काही घरी निकाह सहा-सहा महिने पुढे जातात, काही घरी आईचा दागिना मोडून मुलीचा होतो. या 'मोडण्या'बद्दलच या महिन्यात थोडे बोलावेसे वाटते. वाचक भगिनींनी घरात कपाटाजवळ बसून वाचावा, असा हा लेख आहे.

सोनाराच्या दुकानात दागिना मोडीत दिला की त्याचे काय होते? तो कापतात, नग काढतात, मुशीत टाकतात. वर चिमूटभर टाकणखार टाकतात, म्हणजे मळ वेगळा होतो. 1064 अंश सेल्सिअसला सोने वितळते. लालसर पिवळा, थरथरणारा एक थेंब मुशीच्या तळाशी उरतो. चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या कारागिराने पंधरा दिवस मान मोडून केलेले काम त्या थेंबात पाच मिनिटांत नाहीसे होते. मोडीच्या हिशेबात त्या पंधरा दिवसांचा एक रुपयाही धरत नाहीत. सोनार फसवतो असे आमचे म्हणणे नाही. बाजाराचा नियमच तसा आहे. सोने तारण ठेवून कर्ज देणारी बँकसुद्धा निव्वळ सोन्याचे वजन धरते, घडणावळ आणि नग बाजूला काढते. पेरणीच्या दिवसांत आपल्याकडे किती दागिने असे तारणावर जातात, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पण घडणावळ म्हणजे नेमके काय? पोरांना धडा शिकवायचा असला की आम्ही आधी स्वतः जाऊन पाहतो. म्हणून एका जुन्या सोनाराच्या ओट्यावर आम्ही दोन-तीन दुपारी बसून आलो. ते हाताने काम करणाऱ्यांपैकी शेवटचे काही. त्यांची मुले तयार माल विकतात.

आधी सोन्याची कांडी ऐरणीवर ठोकायची. ठोकता ठोकता सोने कडक होते, मग पुन्हा तापवायचे, थंड करायचे, पुन्हा ठोकायचे. घाई केली तर कडेला चीर पडते. तार हवी असेल तर जंत्रीतून ओढायची. जंत्री म्हणजे पोलादाची पट्टी, तिला मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने भोके. मोठ्या भोकातून ओढलेली तार पुढच्या लहान भोकातून, मग त्याहून लहान. सोन्याइतके ओढले जाणारे धातू विरळाच. एक ग्रॅम सोन्याची तार, ओढायची ठरवली तर, दोन किलोमीटरच्या वर जाते, आणि ठोकून वर्ख केला तर जवळजवळ एक चौरस मीटर जागा झाकते. चोख सोने इतके मऊ असते म्हणूनच दागिन्यात तांबे आणि चांदी मिसळतात. बावीस कॅरट म्हणजे हजारात 916 भाग सोने, अठरा कॅरट म्हणजे 750 भाग. अठरा कॅरट हलके प्रतीचे, असे आपल्या बायका समजतात. पण बारीक तारेच्या आणि खड्याच्या कामाला तेच टिकते. बावीसच्या बारीक तारा वापरात वाकतात.

रवा पाहण्यासारखा असतो. तारेचे मोहरीएवढे तुकडे करून ते कोळशावर पसरतात आणि फुंकणीने आच देतात. प्रत्येक तुकडा वितळला की आपोआप गोल होतो, पाण्याचा थेंब अळवाच्या पानावर होतो तसा. मग ते रवे चिमट्याने एकेक उचलून पत्र्यावर मांडायचे आणि डाख लावून जोडायचे. डाख जोडणाऱ्या सोन्यापेक्षा कमी आचेला वितळला पाहिजे. आच एक फुंकर जास्त झाली की रवे, पत्रा, सगळे एकच गोळा. ते सोनार म्हणाले, डोळ्याने आच ओळखायला त्यांना सात वर्षे लागली. उठावाचे काम असेल तर पत्रा राळेवर बसवून उलट्या बाजूने ठोकतात, मग सुलट करून छोट्या छिन्न्यांनी पाकळ्या, पाने, रेषा काढतात. एका पानाला पन्नास-साठ ठोके. आम्ही मोजले.

आता हे काम मुंबईच्या झवेरी बाजारात गेले आहे, आणि तिथेही ते बहुतांश पश्चिम बंगालच्या हातात आहे. हुगळी, हावडा, मेदिनीपूरकडची मुले कोवळ्या वयात तिथे येतात, दहा-बारा जण एका खोलीत राहतात, तिथेच जेवतात, तिथेच काम करतात. त्यांत हिंदूही आहेत, मुसलमानही. आपल्या मुलीच्या नथीवरचा, झुमक्यावरचा हात अशा कुणाचा तरी असतो. पावतीवर नाव मात्र शोरूमचे. आणि त्याहूनही मोठा भाग आता यंत्राचा आहे. संगणकावर नमुना काढायचा, मेणाचा साचा करायचा, त्यात सोने ओतायचे, एकसारखे शंभर नग. ओतकाम वाईट नसते. मेण वितळवून धातू ओतण्याची रीत हजारो वर्षांची आहे. आमची तक्रार एवढीच की शंभरातल्या एका नगालाही हाताच्या कामाइतकी मजुरी लावली जाते आणि आपण ती निमूट देतो, कारण आपल्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

सोन्याच्या या कामात मुसलमानांचा हात नव्हता असे कुणाला वाटत असेल तर ते बरोबर नाही. सोनारकी आपल्या भागात मुख्यतः सोनार समाजाची, हे खरेच. पण दागिना सोनाराकडे पूर्ण होत नाही. मणी, पदक, पुतळ्या रेशमात ओवणारा, गोंडे बांधणारा पटवेकरी असतो, आणि दख्खनमधल्या पटवेकऱ्यांत मुसलमान पिढ्यान्पिढ्या आहेत. सोनाराच्या ओट्यावरची राख आणि केर विकत घेऊन, धुऊन, त्यातले सोन्याचे कण काढणारे झारेकरीही असतात, त्यांतही आपली कुटुंबे आहेत. बांगडी भरणारा मणियार तर प्रत्येक गल्लीतला. आपल्या घरचा जो खास दागिना, काळ्या पोतीचा लच्छा, तो तर अर्धा पटवेकऱ्याचाच. बारीक काळ्या मण्यांच्या कितीतरी सरी, मध्ये सोन्याचे पदक किंवा चार मणी, मागे रेशमी दोरा. मोजले तर त्यात सोने दीड-दोन ग्रॅमही नसते. आणि तरी निकाहनंतर दुल्हनच्या गळ्यात आधी तोच पडतो. सोन्याच्या वजनाशिवायही दागिना मोठा होऊ शकतो, हे आपल्याच घरात आधीपासून होते.

दीनमध्ये सोनाराच्या धंद्याचा उल्लेख आहे का, असे एका पालकांनी विचारले होते. आहे. बुखारी शरीफमध्ये खरेदी-विक्रीच्या भागात सोनारांविषयी वेगळा बाब आहे. त्यात हजरत अली (रजि.) यांचा प्रसंग येतो. हजरत फातिमा (रजि.) यांच्याशी निकाह ठरल्यावर वलीमा करायला पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी बनू कैनुका टोळीतल्या एका सोनाराशी ठरवले की दोघांनी जाऊन इजखिर नावाचे गवत आणायचे, ते सोनारांना विकायचे आणि त्या पैशांत वलीमा करायचा. हे सुवासिक गवत सोनारांना लागे. मक्केच्या हद्दीतले गवत-झाडे कापायला प्रेषितांनी (स.) मनाई केली, तेव्हा हजरत अब्बास (रजि.) यांनी सोनारांसाठी आणि घरांसाठी इजखिरची सूट मागितली आणि ती मिळाली. म्हणजे हरमच्या मनाईतही सोनाराच्या भट्टीचा विचार झाला. आणि ज्या निकाहचा दाखला आपण प्रत्येक खुत्ब्यात देतो, त्याच्या वलीम्याची तजवीज तोळ्यांनी नव्हे, गवत विकून करायची ठरली होती.

सोने गंजत नाही, सडत नाही, म्हणून ते शरीराला बाधत नाही. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक एका लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे बसवायला सांगितले. पुरुषांना सोने हराम असूनही ही परवानगी मिळाली. आज दातांचे डॉक्टर सोन्याचा उपयोग करतात, त्यामागेही हेच कारण.

आता थोडे दूर जाऊ. सोन्याच्या वजनाला शरण न जाणारे सोनार दुसरीकडेही आहेत, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत त्यांनी दागिन्याची एक वेगळी शाखाच उभी केली. आपण त्यांना कलादागिने म्हणू. हे दागिने सोनार स्वतः कल्पून स्वतःच्या हाताने घडवतो, चित्रकार चित्र काढतो तसे, आणि खाली आपले नाव घालतो. जर्मनीत म्युनिकच्या कला अकादमीत हे शिकवले जाते. इटलीत पादुआ शहराभोवती सोन्यातच असे काम करणाऱ्यांची पिढी तयार झाली. या शाखेतला एक नमुना आम्हांला फार आवडतो. ओट्टो क्युन्झली या स्विस सोनाराने 1980 मध्ये एक कडे केले. काळ्या रबराची नळी, गोल वळवून जोडलेली. त्या नळीत एका ठिकाणी फुगवटा आहे, आणि फुगवट्याच्या आत सोन्याची गोळी आहे. बाहेरून ती दिसत नाही. रबर झिजले तरच दिसेल. त्याचे नाव त्याने ठेवले, 'सोने आंधळे करते'.

आमच्या घरी हे वाचून दाखवले तेव्हा पहिला प्रश्न आला, मग आत खरेच सोने आहे हे कशावरून? हाच तर त्या कड्याचा प्रश्न आहे. आपण शोरूमच्या काचेआड पाहून तरी काय ओळखतो? पिवळे दिसले की सोने. त्या सोनाराने पिवळा रंग झाकला आणि उरला फक्त भरवसा, ज्याला आपण अमानत म्हणतो. युरोपातली ही मंडळी कधी कधी मुद्दाम चमत्कारिक काहीतरी करतात, आणि त्यातले बरेचसे घालून मोहल्ल्यातल्या दावतीला जाता येणार नाही, हेही खरे. तरी प्रश्न बरोबर विचारला.

आपल्याला जवळचे उदाहरण इजिप्तचे आहे. अज्जा फहमी, 1945 साली वरच्या इजिप्तमध्ये जन्मलेल्या. शिक्षण गृहसजावटीचे, नोकरी सरकारी. एका पुस्तक प्रदर्शनात मध्ययुगीन दागिन्यांवरचे पुस्तक दिसले आणि 1969 मध्ये त्या कैरोच्या खान अल-खलीली बाजारात कारागिराच्या हाताखाली शिकायला बसल्या. तिथे तोवर बाई शिकाऊ म्हणून कधी बसली नव्हती. फुंकणी, कानस, हातोडी, सगळे पुरुष कारागिरांच्या मध्ये बसून शिकल्या. पुढे लंडनला जाऊन आणखी शिकल्या. त्यांच्या दागिन्यांत सोने आणि चांदी एकत्र असते, आणि त्यावर अरबी खत्तातीत कवितेच्या ओळी कोरलेल्या असतात. अक्षर हाच दागिना. त्यांनी इजिप्तच्या पारंपरिक दागिन्यांचा अभ्यास करून ग्रंथही लिहिला, आणि आता मुली त्यांच्यासोबत काम पाहतात. आपल्या मुली उर्दू शाळेत इतके सुंदर नस्तालीक लिहितात आणि ते दहावीनंतर कायमचे बंद होते. अक्षर वळवणारा हात तारही वळवू शकतो. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात धातुकाम शिकवले जाते, तिथल्या कारागिरीच्या कार्यशाळा 1891 पासूनच्या. मुंबईतच निफ्ट ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे पोशाखासोबतच्या वस्तूंच्या रचनेचा अभ्यासक्रम आहे. डॉक्टर-इंजिनिअरच्या यादीत हेही नाव असू द्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे. हाताच्या कामाची किंमत धरायची की नाही? हा वाद नवा नाही. इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये आहे की हजरत मुआविया (रजि.) यांनी सोन्याचे किंवा चांदीचे एक भांडे त्याच्या वजनापेक्षा जास्त सोन्या-चांदीला विकले. हजरत अबू दरदा (रजि.) यांनी हरकत घेतली, की वजनाला वजन याखेरीज असा व्यवहार प्रेषितांनी (स.) मना केला आहे. प्रकरण हजरत उमर (रजि.) यांच्याकडे गेले आणि त्यांनी बरोबरीच्या वजनानेच व्यवहार करण्याचे लिहून पाठवले. बहुतेक फुकहांचे मत तेच राहिले. सोन्याच्या बदल्यात सोने असेल तर कारागिरीच्या नावाने जास्त सोने घेता येत नाही, कारण तिथे व्याजाचे दार उघडते. पुढे इमाम इब्ने तैमिया (मृत्यू 1328) आणि त्यांचे शागीर्द इब्ने कय्यिम यांनी वेगळे म्हटले. घडवलेला दागिना म्हणजे नुसते सोने नव्हे, त्यात मेहनत आहे, तिचा मोबदला जास्तीच्या वजनात येऊ शकतो. अनेकांनी ते मानले नाही. पण रुपयांत सोन्याची किंमत वेगळी आणि मजुरी वेगळी घ्यायला कुणाचीच हरकत नाही. तो मजुराचा हक्क आहे.

खैबरच्या दिवशीचा आणखी एक प्रसंग मुस्लिम शरीफमध्ये आहे. हजरत फजाला (रजि.) यांनी सोने आणि मणी असलेला एक हार बारा दीनारांना घेतला. उकलून पाहिला तर आतले सोने बारा दीनारांपेक्षा जास्त निघाले. प्रेषितांनी (स.) सांगितले की सोने आणि मणी वेगळे केल्याशिवाय असा हार विकू नये. चौदाशे वर्षांनंतर आपल्या सराफ्यात नगांसकट वजन करून सगळ्याला सोन्याचा भाव लावतात, तेव्हा हा हार आठवतो.

यावरून घरच्यांसाठी दोन गोष्टी. जुना दागिना देऊन नवा घेताना 'फरक देऊन बदलून द्या' असा एकच सौदा करू नये. आधी जुना रुपयांत विकावा, पैसे हातात किंवा खात्यात घ्यावेत, मग नव्याची वेगळी पावती करावी. आलिम हाच मार्ग सांगतात, आणि हिशेबालाही तोच सोपा, कारण जुन्याचे किती आले आणि नव्याची मजुरी किती लागली, हे दोन्ही उघडे पडते. उधारीवर आणि हप्त्यांवर सोने घेण्याबद्दल मात्र मते सांभाळून ऐकावीत, आपल्या मशिदीच्या आलिमांना विचारूनच पाऊल टाकावे. दुसरी गोष्ट पावतीची. निव्वळ सोन्याचे वजन, कॅरट, नगांचे वजन, घट, मजुरी आणि तीन टक्के जीएसटी, हे सगळे वेगवेगळे लिहून मागावे. मजुरी शेकड्याने लावली असेल तर विचारावे, हे हाताचे काम आहे की ओतीव? हाताचे असेल तर मजुरीत घासाघीस करू नये, असे आमचे मत आहे. ओतीव असेल तर जरूर करावी.

हॉलमार्क आता सगळ्यांना माहीत झाला आहे, तरी नीट माहीत नाही. 16 जून 2021 पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून दुकानदाराला सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असलेलाच दागिना विकता येतो. हा क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये टाकला की दागिना कोणत्या केंद्रात तपासला आणि त्याची शुद्धता किती, ते दिसते. दुकानातच टाकून पाहावे, लाजू नये. पण दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना, तसेच कुंदन, पोलकी, जडाव कामाला या सक्तीतून सूट आहे. भाव वाढल्यापासून बाजारात हलके दागिने फार आले आहेत, एक ग्रॅमची बाळी, दीड ग्रॅमचे पदक. तिथे छाप नसेल तर विकणाऱ्याचा भरवसाच उरतो, त्या रबरी कड्यासारखा. आपला जुना दागिनाही मान्यताप्राप्त केंद्रात थोडी फी भरून तपासून घेता येतो. मोडण्याआधी ते जरूर करावे.

जकातीच्या वेळी एक गोंधळ दरवर्षी दिसतो. निसाब साडेसात तोळे, असे आपण ऐकत आलो. पण तो तोळा जुना, बारा माशांचा, 96 गुंजांचा, म्हणजे 11.664 ग्रॅम. बाजारातला आजचा तोळा दहा ग्रॅमचा. म्हणून निसाब 87.48 ग्रॅम, पंचाहत्तर ग्रॅम नव्हे. चांदीचा निसाब साडेबावन्न जुने तोळे, 612.36 ग्रॅम. सोने, चांदी आणि रोख थोडेथोडे असेल तर हनफी मतानुसार त्यांची एकत्र किंमत धरतात. तेव्हा 'माझ्याकडे सात तोळे नाहीत' एवढ्यावर सुटका होत नाही. आपल्या भागात बहुतेक लोक हनफी, आणि या मतानुसार वापरातल्या दागिन्यावरही जकात आहे. इतर इमामांनी वापरातला दागिना सोडला आहे. मुलीच्या हातातल्या दोन जाड सोन्याच्या कड्यांबद्दल प्रेषितांनी (स.) तिच्या आईला जकात देतेस का असे विचारले आणि त्या बाईने ती दोन्ही काढून दिली, ती हदीस आपण ऐकलेली आहे. जकात लागते ती सोन्यावर. व्यापारासाठी नसलेल्या हिऱ्या-माणकांवर नाही. दोन ग्रॅम सोन्याचा, पण चांगल्या हाताचा दागिना अंगावर असला तर शोभाही आली आणि ओझेही कमी.

आणि ते सोने आहे कुणाचे? मेहरमध्ये आलेले असेल तर बायकोचे. माहेरून मिळालेले असेल तर तिचे. तिला न विचारता ते तारण ठेवणे किंवा मोडीत घालणे घरच्या कुणाच्याच अधिकारात नाही, मग कारण बोअरवेलचे असो की धाकट्या दिराच्या लग्नाचे. ती खुशीने देत असेल तर गोष्ट वेगळी. 'खुशीने' हा शब्द किती घरांत खरा असतो, ते भगिनींनीच सांगावे.

जिल्ह्यात खामगावची ओळख चांदीची पेठ म्हणून आहे, तिला रजतनगरी म्हणतात. पलीकडे जळगाव सुवर्णनगरी. या दोन पेठांच्या मध्ये आपण राहतो. सोने परवडत नसेल तेव्हा चांदीत हाताचे काम करून घेणे हा काही कमीपणा नाही. चांदीवर उठावाचे काम सोन्याइतकेच उठते. मजुरी जवळजवळ तीच पडेल, धातूचे पैसे वाचतील. चांदी काळी पडते, हे खरे, पण रिठ्याच्या पाण्याने उजळते.

गेल्या वर्षी आम्ही वर्गातल्या मुलींना एक काम दिले. घरात आजीचा, नानीचा जो सर्वांत जुना दागिना असेल तो समोर ठेवून त्याचे चित्र काढायचे, त्याचे नाव लिहायचे, आणि विचारायचे की तो कुणी घडवला. वजन लिहायचे नाही. सोने घरात आहे हे बाहेर कळू नये म्हणून काही आयांनी नकार दिला, तोही आम्हांला पटला. त्यांना आम्ही आठवणीतला दागिना काढायला सांगितले. चित्रे आली. झुमर, करनफूल, हंसली, बुगडी, पाजेब. ठुशी दोन मुलींनी काढली, एकीने तिचे मणीही मोजून काढले. एका मुलीच्या चित्राखाली नाव नव्हते, घरात कुणालाच येत नव्हते. ते चित्र आम्ही त्या जुन्या सोनारांना दाखवले. खाली उलट्या लटकणाऱ्या कळ्यांची रांग पाहून ते लगेच म्हणाले, ही चंपाकळी. मग बराच वेळ कागद हातात धरून बसले. एका कळीला किती आच द्यावी लागते, ते सांगत होते. घडवणाऱ्याच्या रकान्यात मात्र जवळजवळ सगळ्यांनी 'माहीत नाही' लिहिले होते, किंवा दुकानाचे नाव.

एकीने लच्छा काढला होता. नानीने तिला सांगितले होते की तो बुऱ्हाणपूरहून येणाऱ्या पटवेकऱ्याने अंगणात बसून ओवला, दोऱ्याचे टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून, आणि दुपारचे जेवण आमच्याच घरी केले. त्याचे नाव नानीला आठवत नव्हते. मुलीने चित्राखाली उर्दूत लिहिले: काली पोत का लच्छा, बनानेवाले पटवेचाचा.